मुशीसमोर बोललेला नवस

एका आईनं माझ्यासमोर एक नवस बोलला होता, तिथूनच सांगते. मी मूस. पांढऱ्या भुकटीची, भाजून कडक केलेली, शिंप्याच्या अंगुस्तानाहूनही लहान. प्रयोगशाळेतल्या एका यंत्रात तराजूच्या नाजूक दांडीवर मला बसवतात, भोवतीची भट्टी तापू लागते, आणि माझ्यातल्या चिमूटभर पदार्थाचं वजन कसं घटतं ते पडद्यावर रेघ होऊन उमटतं.

पदार्थ कोबाल्टचा. गुलाबी स्फटिक. मधोमध धातू, त्याला धरून बसलेलं पाणी आणि इतर सोयरे. तापवलं की आधी पाणी हात सोडतं, मग बाकीचे. तळाशी काळी भुकटी उरते. कोण कधी आणि किती वेगानं सुटतं, हेच त्या आईच्या लेकीला तिच्या पीएचडीच्या प्रबंधासाठी शोधायचं होतं.

आई डबा घेऊन आली, तेव्हा लेक हात धुवायला गेली होती. आईनं भट्टीला हात जोडले. अग्नी तो अग्नी, यंत्रातला का असेना! "हिचं काम तडीस जाईपर्यंत 'कधी संपणार?' असं मी हिला एकदाही विचारणार नाही," ती पुटपुटली.

मला काही उमगेना. लोक गोड सोडतात, हिनं प्रश्न सोडला!

बाकीचे मात्र तोच विचारत. तिचे मार्गदर्शक सर दारातूनच, "झालं का?" मामा फोनवर, "अगं, तुझ्याबरोबरच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली!"

अन् नेमक्या तेव्हाच रेघा बिघडल्या. पदार्थ तोच, मीही तीच; पण पाणी सुटल्यावर रेघ जिथे खाली उतरते, ती पायरी कधी ठळक, कधी अर्धी, कधी गायबच. माझ्या पोटात येण्याआधीच पाणी गेलं कुठे? मी पुरती चक्रावले. संशय माझ्यावर! लेकीनं मला आम्लात उकळलं, रिकामंच तापवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

सर म्हणाले, "पुढच्या बैठकीपर्यंत रेघा जुळल्या नाहीत, तर हा पदार्थ प्रबंधातून काढायचा. सुटण्याच्या वेगाचं सगळं गणितही गेलं समज."

लेक माझ्यापाशी बसून रडली. तेवढ्यात फोन वाजला. हातात हातमोजे, म्हणून तिनं तो स्पीकरवर लावला. पलीकडे आई. जिभेवर आलेला प्रश्न तिनं गिळला, तो आवंढा मलाही ऐकू आला.

"काय गं... आज रंग कुठला होता?"

"रंग?"

"मागे गुलाबी म्हणाली होतीस ना. दुसरं काय विचारू बाई?"

"जांभळट आहे, आई. कधी कधी निळसरच..." लेक थबकली. "अगं, मी ते घाईनं ओव्हनमध्ये वाळवत होते!"

"ओलं असेल तर वाळवणारच. मी तरी काय करते डबे भरताना?"

"वरची ओल नव्हे गं, आतलं पाणी गेलं, म्हणून रंग बदलला! वजन करायच्या आधीच!"

"म्हणजे बरं झालं की वाईट?"

"चूक सापडली, आई!"

"मला काही कळलं नाही. पण हसतेयस, म्हणजे बरंच."

नवे स्फटिक हवेवर, सावकाश सुकले. गुलाबीच राहिले. रेघा जुळल्या. त्या बघायला आई आली, तर पुन्हा बुचकळ्यात: जितकं भराभर तापवलेलं, तितकी रेघ जास्त आचेवर उतरलेली. "भराभर तापवलं तर जास्त आच सोसतं का गं?"

"सोसतं असं दिसतं. सुटायला वेळ लागतो ना. तोवर भट्टी पुढे गेलेली असते."

आईनं पडद्यावरची नजर काढली आणि लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

काम तडीस गेलं. माझा काठ टवकला, तेव्हा आईनं मला मागून घेतलं. आता मी तिच्या देवाजवळ असते. माझ्या तळाचा काळा डाग ती पुसत राहते. तो निघत नाही. त्या दिवशी कोण पावलं, देव, नवस की आवरलेली जीभ, मला अजून कळलेलं नाही.

तुमच्याही घरात कुणी तरी तापत असेल. तेवढा एक प्रश्न सोडा. एवढा नवस तुम्हीही करा. आणि अगदीच राहवलं नाही, तर आजचा रंग विचारा.