दादूची सही

दादू ताईपेक्षा बराच धाकटा. तरी सगळे त्याला दादूच म्हणत, कारण लहानपणी दुसऱ्या कुठल्या हाकेला तो ओ देत नसे. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला हा मुलगा आता तिशी ओलांडलेला बाप्या होता, बेकरीत पावाच्या भट्टीवर कामाला होता आणि लग्न करणार होता. मुलगी शेजारच्या लाँड्रीत इस्त्री करायची. तिलाही डाउन सिंड्रोम होता. तिला सगळे छबू म्हणत.

अडचण कायद्याची होती. अशा माणसांच्या लग्नाला पालकाची लेखी संमती लागे, मग वय काहीही असो. आईवडील गेल्यापासून दादूची पालक ताईच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायची तिची सवय घरीही सुटत नसे. तिने आनंदाने पेन काढलं. दादूने कागदावर हात ठेवला.

"तू नको. लग्न माझं आहे."

ताईने समजावलं, मग रागावली, मग अबोला धरला. छबूच्या वडिलांनीही सांगून पाहिलं. दादू ढिम्म. शेवटी ताईच हरली आणि कंबर कसून कामाला लागली. ते कलम बदलावं म्हणून ती लोकप्रतिनिधींच्या दारी खेटे घालू लागली. कुणी चहा पाजला, कुणी डोळे पुसले, कुणी दादूचा गालगुच्चा घेतला. ते दादूला मुळीच आवडत नसे. कलमाचं बोलायला मात्र कुणालाच सवड नव्हती.

दुसरा उन्हाळा सरता सरता विधिमंडळाच्या समितीने ताई, दादू आणि छबू अशा तिघांना बोलावलं. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे माइक, एसीचा गारठा. दादूचा शर्ट कडक होता. इस्त्री अर्थातच छबूची. ताईने पाठ केलेलं भाषण चांगलं म्हटलं. ही माणसं नोकरी करतात, मत देतात, मग लग्नच कसं अडतं, वगैरे.

एका वयस्कर सदस्याने चष्मा काढून विचारलं, "पालक तर तुम्हीच ना? आज सही करा, उद्या लग्न. मग अडवतंय कोण?"

पाठ केलेलं भाषण ताईने सोडून दिलं.

"मीच," ती म्हणाली. "मी चिडले होते तेव्हा त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हते. तेव्हा त्याने विचारायचं कुणाला? आणि खरं सांगते, माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही, हे मला आवडायचं. असा अधिकार माझ्या हातात ठेवू नका."

दादूने वळून तिच्याकडे पाहिलं. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मग अध्यक्षबाईंनी त्याला विचारलं, भांडण झालं तर काय कराल?

"ती बोलत नाही. मी पण नाही. मग भूक लागते."

छबूने माइक स्वतःकडे ओढला. "मग जेवतो."

सगळे हसले. दादू हसू थांबेपर्यंत थांबला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाला, "आता करू सही?"

त्याला वाटलं होतं, लग्न आजच लागणार. इतक्या खेट्यांत, तसं नसतं हे सांगायचं ताईकडून राहूनच गेलं होतं. अध्यक्षबाई उठून त्याच्यापाशी आल्या. आज फक्त बोलायचं असतं, मग सगळे मत देतात, त्याला वेळ लागतो, असं त्यांनी सावकाश सांगितलं. दादूने पेनाला टोपण लावलं. परतताना छबूने त्याची बाही धरून ठेवली होती.

हिवाळी अधिवेशनात ते कलम रद्द झालं. त्या वयस्कर सदस्याने विरोधातच मत दिलं, पण बाकीचे पुरेसे होते. नोंदणी कार्यालयात दादूने सही करायला इतका वेळ घेतला की मागची रांग चुळबुळली. त्याने मान वर केली नाही.

लाँड्रीवरच्या खोलीत दोघांनी संसार थाटला. ताईने रोज फोन उचलला आणि रोज खाली ठेवला. शेवटी फोन छबूचाच आला.

"रविवारी जेवायला या, ताई," ती म्हणाली. मग मागून दादूचा आवाज आला, आणि तिने पुढचं सांगितलं, "पण येताना आधी फोन करा."

"करते हो," ताई म्हणाली, आणि कितीतरी वेळ एकटीच हसत बसली.