मधला स्पीकर

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात की डोळा लागतो, आणि मग उठताना म्हणता, आज कथेत काही राम नव्हता. इथे बसा, माझ्या समोर. एका आईची कथा सांगतो. तिच्यात एक यंत्र आहे, पण बिचकू नका. देवाला यंत्राचं वावडं नाही. ज्या वाटेने ऐकू येईल त्या वाटेने तो येतो.

या आईचे यजमान कथेकरी होते. उभं राहून गात गात देवाच्या गोष्टी सांगायचे. एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला झांज, मध्ये हे. आणि त्यांची एक रीत होती. कथा संपली की लगेच खाली बसायचे नाहीत. हात जोडून म्हणायचे, "उठण्याआधी एकाची आठवण ठेवा," आणि कुणाचं तरी नाव सांगायचे. कधी आजारी शेजारी, कधी सतरंज्या घालणारा माणूस. लोक ते नाव मनात घेऊन घरी जायचे.

गंमत अशी, की आईने हा शेवट कधीच ऐकला नव्हता. पोरं लहान, घरी चूल थंड. कथा रंगात आली की ही मागच्या रांगेतून वाकून उठायची, चपला हातात घेऊन निघायची. यजमान घरी पोचेपर्यंत ताटं मांडलेली असायची. अशी सगळी वर्षं गेली, आणि मग यजमानही गेले.

मागे एक टेप उरली. त्यात एक अख्खी कथा होती, शेवटासकट. पेटीवाले काका, म्हणजे यजमानांचे जन्माचे जोडीदार, शेजारीच राहायचे. ते अधूनमधून आईला डिवचायचे.

"वहिनी, त्या टेपचा शेवट ऐकलात का?"

"सांगा ना भाऊजी, काय आहे त्यात?"

"मी कशाला सांगू? मी पेटी वाजवतो. बोलायचं काम त्यांचं."

टेप ऐकायची कशी हा प्रश्न होता. टेप फिरवणारं यंत्र धडधाकट होतं, पण त्याला आवाज देणारा जुना अँप्लिफायर जळून गेला होता. आज बघू, उद्या बघू करत दिवस लोटत होते. तेवढ्यात कानाच्या डॉक्टरांनी आईला तपासलं आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "ऐकू येणं आता कमी कमीच होत जाणार. कानातल्या यंत्राने आवाज मोठा होईल, पण शब्द कळतीलच असं नाही."

बाजूला घेऊन सांगितलेलं आईला बरोब्बर ऐकू गेलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला तो शेवट ऐकायचाय. शब्द कळताहेत तोवर."

मुलगा चष्म्याच्या काचा घासायचा, सून इस्पितळात परिचारिका. मुलगा म्हणाला, "होम थिएटरचा रिसीव्हरच घेऊ या. अँप्लिफायर त्याच्यातच असतो. टीव्हीही त्याला जोडता येईल, टेपही."

सून हसली. "आईंचं नाव आणि तुझे सिनेमे."

"दोन्ही होतील गं! मात्र स्वस्तातला बघायचा."

"स्वस्तातला म्हणून जातोस आणि दिवेवाला घेऊन येतोस. मी बरोबर येणार."

"मीही येणार," आई म्हणाली. "आणि टेपही येणार. ऐकल्याशिवाय काही घ्यायचं नाही."

रविवारी सकाळी ही वरात दुकानात शिरली. मुलाच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं टेपचं यंत्र, आईच्या पिशवीत टेप. दुकानदाराला आधी वाटलं, काहीतरी विकायलाच आलेत.

त्याने पहिल्यांदा दाखवला तो सगळ्यात झगमगता. पडद्यावर कुठलीशी लढाई लावली. खोलीच्या चारी कोपऱ्यांतून गोळे फुटले, खिडकीची काच थरथरली. मुलाच्या चेहऱ्यावर असा आनंद, की जणू बारशाचे पेढे वाटतोय. आईने कानातलं यंत्र काढून हातात घेतलं.

"ह्याच्यात माणसं बोलतात का?" तिने विचारलं.

दुकानदार म्हणाला, "बोलतात की आजी. मधे मधे."

मग सुनेने रिसीव्हर फिरवून त्याची पाठ बघितली. "ह्याला टेपची लाल-पांढरी वायर कुठे लावायची?"

"आता जुनं कोण लावतं ताई? ह्याच्यात सगळं बिनतारी येतं."

"आमची टेप बिनतारी नाही," सून म्हणाली आणि रिसीव्हर होता तसा फिरवून ठेवला. मुलाने सुस्कारा सोडला.

दुसरा मागच्या फळीवर होता. गेल्या वर्षीचा, धूळ बसलेला, दिवे नाहीत. पण पाठीला लाल-पांढऱ्या जागा होत्या आणि खिशाला झेपणारा होता. दुकानदाराने तो जोडला, दोन बाजूंना दोन उंच स्पीकर, टीव्हीखाली मध्ये एक आडवा, मागे दोन छोटे. आईने कानातलं यंत्र पुन्हा लावलं आणि टेप दिली. खरखर झाली, झांज वाजली, आणि मग यजमानांचा आवाज आला. मध्यातून, स्वच्छ, जणू समोर उभे आहेत.

आईने हात वर केला. "पुरे. बंद करा."

"का गं? नीट येतंय की!" मुलगा म्हणाला.

"बाकीचं घरी. दुकानात नाही ऐकायचं मला."

रिसीव्हर ठरला. आता स्पीकर. उंच दोन घेतले, मागचे छोटे दोन मुलाने हट्टाने घेतले, सिनेमात पावलं मागून ऐकू यायला हवीत म्हणे. मधल्या आडव्यापाशी येऊन मात्र पाकीट थांबलं.

"तो दिवाळं काढेल," सून म्हणाली. "राहू दे."

"पुढे घेऊ," मुलगा म्हणाला.

घरी आल्यावर मुलाने तारा ओढल्या, रिसीव्हर सुरू केला. पडद्यावर रिसीव्हरने एकेका स्पीकरची चौकशी केली. डावा? आहे. उजवा? आहे. मधला? मुलगा क्षणभर थांबला. आपण घेणारच आहोत की! त्याने दाबलं, आहे. या घराची ही जुनी खोड. यजमानही दारात आलेल्याला आधी जेवायला बसा म्हणायचे आणि मग आत येऊन विचारायचे, घरात काय आहे?

पेटीवाले काकांना बोलावणं गेलं. ते स्वच्छ सदरा घालून आले, जणू आजही वाजवायचंय. आई टीव्हीसमोर मधोमध खुर्चीत बसली. तिने टेप थेट शेवटाजवळ नेऊन ठेवायला सांगितलं. मुलाने कळ दाबली.

डावीकडून पेटी आली. उजवीकडून झांज.

आणि मध्ये काहीच नाही.

पेटी थांबायची, जिथे बोलणं असायला हवं तिथे मागच्या छोट्या स्पीकरमधून कुणीतरी खोकायचं, पुन्हा पेटी. काकांची मान डोलायला लागली. "वा! बघा, पेटी किती सुरेख आलीय! इतकी वर्षं त्यांच्या आवाजाखाली दबली होती बिचारी."

"काका!" सून ओरडली.

काकांनी जीभ चावली. मुलगा रिमोटची एकेक कळ दाबून बघत होता. आवाज वाढवला, पेटी वाढली. टेप मागे नेली, पुढे आणली. त्याच्या कपाळावर घाम आला. "दुकानात पुसली गेली की काय? आई, मी... मी काहीच केलं नाही गं."

आई हलली नाही. ओठ मिटून ती समोर बघत राहिली. सुनेने जवळ जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, आता ह्या रडणार.

पण आई बघत होती, ऐकत नव्हती. ती म्हणाली, "अरे, पेटी ज्या बाजूला बसायची त्या बाजूला आहे. झांजही आपल्या जागी आहे. दोघंही सुखरूप आहेत. पुसलं असतं तर तेही गेले असते ना?"

"मग?"

"दुकानात मध्ये एक आडवा डबा होता. तिथे काय ठेवलंयस?"

टीव्हीखाली फुलदाणी होती.

मुलाने कपाळावर हात मारला. दुकानदाराला फोन लावला. दुकानदाराने एकच गोष्ट विचारली, "मधल्याला काय उत्तर दिलंत?" आणि मग हसू दाबत समजावलं. दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज हा रिसीव्हर मधल्या स्पीकरकडे पाठवतो. कथेकरी मधोमध उभे, त्यांचा आवाज दोन्ही माइकांत सारखा. तुम्ही मधला आहे म्हणालात, त्याने विश्वास ठेवला आणि सगळा आवाज तिकडे पाठवून दिला. तिकडे घ्यायला कुणी नाही. मधला नाही म्हणून सांगा, तो दोघांत वाटून देईल.

मुलाने ते आईला तिच्या कानाशी सांगितलं.

"मग सांग की त्याला खरं," आई म्हणाली. "नाही ते नाही म्हणायला लाज कसली?"

मधला? नाही. टेप पुन्हा मागे.

आणि यजमान बोलले. डाव्यातून नाही, उजव्यातून नाही. दोन्हीकडून सारखा आला की कानाला मधलाच वाटतो, तसा बरोब्बर मधून, फुलदाणीच्या जागेतून. मुलगा खाली वाकून बघायलाच लागला, तिथे खरंच काही आहे का! सुनेने त्याला शर्टाला धरून बसवलं.

पेटीचा शेवटचा सूर विरला. आवाज म्हणाला,

"उठण्याआधी एकीची आठवण ठेवा. आत्ताच मागच्या रांगेतून एक बाई वाकून गेली. हातात चपला. तिला वाटतं, मला दिसत नाही. मला सगळं दिसतं. ती उठली की मी समजतो, आता आवरतं घ्यावं, पानं वाढली जाणार. तुमच्या वाट्याला शेवट आला तो तिने स्वतःचा सोडला म्हणून. नाव घेत नाही, घरी ओरडेल. पण आठवण ठेवा."

टेपमधले लोक हसले. खरखर झाली, आणि टेप संपली.

काका छताकडे बघत होते.

"म्हणजे बघत होते तर!" आई म्हणाली. "आणि मी कंबर मोडेस्तोवर वाकून जात होते!"

मग ती हसली, आणि हसता हसता तिने पदराने डोळे टिपले. "शब्द न् शब्द कळला हो, भाऊजी. लाव रे पुन्हा."

मधला स्पीकर त्या घरात अजून आलेला नाही. मुलाने नंतर आणायचं काढलं, तर आईच नको म्हणाली. फुलदाणी तिथेच आहे, आणि सिनेमातली माणसंही आता तिच्यामागूनच बोलतात.

झाली कथा. तुम्हीही आता उठाल. उठा, पण मागच्या रांगेतून कुणी आधीच निघून गेलं असेल, तुमच्यासाठी दिवा लावायला, ताट मांडायला. त्या माणसाची आठवण ठेवा. आणि घरी पोचलात की इथला शेवट त्याला सांगा.