हौसराव सरांची पाळत

हौसराव सरांच्या पोरींना बास्केटबॉल नंतर यायचा, आधी वेळ पाळायला यायची. शिरूरच्या शाळेचं मैदान, सकाळचे साडेसहा, आणि नियम एकच: उशीर झालेलीनं सगळ्यांसमोर खरं कारण सांगायचं आणि बाजूला उभं राहून मोजायचं. पळायचं बाकीच्यांनी, मैदानाच्या या रेषेपासून त्या रेषेपर्यंत, वीस वेळा. आपल्यापायी मैत्रिणींची दमछाक बघत उभं राहायचं, यापेक्षा जालीम शिक्षा सरांना तीस वर्षांत सापडली नव्हती.

रविवारी दौंडशी फायनल होती आणि सरांच्या डोक्यात भलताच किडा वळवळत होता. कॅप्टन शिरीन पूर्वी अर्धा तास आधी येऊन एकटीच बास्केट मारायची. गेला महिनाभर ती ऐन साडेसहाच्या ठोक्याला यायची, तीही दमलेली. दौंडचा कोच बाळासो सरांचाच जुना विद्यार्थी. वरवंडच्या स्पर्धेत तो तिच्याशी बराच वेळ बोलत उभा होता. हाच पहाटे तिच्या गावी, कारेगावात येऊन पोरीला फोडतोय, आपले डाव काढून घेतोय, असं सरांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. कायम उशिरा येणारी, त्याच गावची सविता हल्ली शिरीनबरोबर वेळेवर यायची, म्हणजे तीही सामील!

टीमची यादी आज दहाला द्यायची होती. फितुरी खरी निघाली तर शिरीनचं नाव कापायचं, असं ठरवून सरांनी पाचलाच मोटारसायकल काढली.

कारेगावात शिरीन सविताच्या घरात शिरताना दिसली. समोर एक टेम्पो उभा होता. त्याच्याआड सर दबा धरून बसले. दार उघडंच होतं. आत शिरीन पोळ्या लाटत होती आणि सविता डबे भरत होती. बाळासोचा पत्ता नव्हता. कंपनीची बस आली, पोरींनी पळत जाऊन कामगारांच्या हातात डबे दिले आणि सहाला शिरूरची वडाप जीप पकडली. तरी सर हलले नाहीत. संशय इतक्या सहजी सुटतो होय?

"अगं बया, सर! हितं कशापायी बसलाय?" सविताची आई चांगुणा समोर उभी. तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता.

"असंच... चौकशीला आलो व्हतो."

"ह्यो हात मोडला तवापासनं शिरीन रोज येती बघा. अठरा डबे एकट्या सविताला उरकत न्हाईत. तिला उशीर झाला की समद्या पोरी पळत्यात म्हनं. आत या, चहा घ्या."

टेम्पोमागं सापडलेल्या माणसाला नाही म्हणायला तोंड कुठून असणार? प्लॅस्टरच्या हातानं सावकाश केलेला तो चहा सरांनी खाली मान घालून प्यायला.

मैदानावर पोरी ओळीनं उभ्या होत्या.

"सहा एकोणचाळीस झाले, सर," शिरीन म्हणाली. "कारण सांगा."

गाडी पंक्चर झाली म्हणता आलं असतं. पण पोरींची असली पंक्चरं सरांनी आजवर ढिगानं पकडली होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्यावर पाळत ठेवायला गेलो व्हतो," ते म्हणाले. "बाळासोला फितूर झालीस असं वाटलं. आज तुझं नाव कापणार व्हतो. आन् तू पोळ्या लाटत व्हतीस."

कुणी हसलं नाही. सविता बुटांकडे बघत राहिली. शिरीनचे डोळे भरून आले.

"तुमी मला इचारायचं व्हतं, सर," ती म्हणाली आणि रेषेवर जाऊन उभी राहिली. बाकीच्या तिच्या शेजारी गेल्या.

थांबा, मीच पळतो, असं सरांच्या अगदी ओठावर आलं. पण नियम त्यांचाच होता. पोरी सुटल्या.

"एक," सर पुटपुटले.

"मोठ्यानं, सर!" शिरीन पळता पळता ओरडली. "ऐकू येत न्हाई."