ओलं फडकं

नवरा जाऊन कित्येक आठवडे झाले, तरी मला रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मन मोकळं कर. मोकळंच आहे, आत काही उरलेलंच नाही.

आमचं इस्त्रीचं दुकान. मागच्या दाराशी एक भटकी मांजरी यायची, ती फक्त त्याच्याकडे. तो तिला राणीसाहेब म्हणायचा. अंथरुणाला खिळल्यावर त्याने एवढंच मागितलं, "तिला वाऱ्यावर सोडू नकोस." माझ्याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा राग आला होता. आता तोही येत नाही.

महिनाअखेरीस दुकान बंद करून मी नणंदेकडे राहायला जाणार होते. मांजरी हाती लागली तर तिलाही नेणार होते, नाहीतर इथे तिला कुत्रंही विचारणार नव्हतं. रोज दाराशी खाणं ठेवून मी इस्त्री करत राहायचे. ती वाटीपर्यंत यायची आणि एकदम पळ काढायची.

"वहिनी, तुझा चेहरा बघून गिऱ्हाइकंसुद्धा पळतात," आवराआवर करायला आलेली नणंद म्हणाली.

तेवढ्यात मी शर्टावर पाणी मारलं. फवाऱ्याच्या बाटलीतून फिस्स आवाज आला आणि राणीसाहेब पसार.

"अगं, तूच फिस्कारतेस की तिच्यावर!"

खरंच की. एका हाताने जेवायला बोलवायचं आणि दुसऱ्या हाताने हाकलायचं, असं चाललं होतं. नवरा बाटलीऐवजी कपड्यावर ओलं फडकं फिरवायचा. कासवाच्या चालीने काम करतोस, म्हणून मी त्याला टोचायचे.

मी बाटली फळीवर ठेवून त्याचं फडकं भिजवलं. कपड्यांचा ढीग साचला. राणीसाहेब आधी उंबऱ्यात बसू लागल्या, मग टेबलाखाली. मी आपली बघून न बघितल्यासारखं करत राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी ती टेबलावर चढून गरम कपड्यांवर बसली. मी हात पुढे केला. तिने तो हुंगला आणि डोकं माझ्या तळव्यात खुपसलं. कातडीखाली नुसती हाडं. तिची घरघर माझ्या मनगटातून वर चढत गेली, आणि आत कुठेतरी फार दुखलं.

"वहिनी! पँट जळतेय!"

इतक्या वर्षांत माझ्या हातून एक कपडा जळला नव्हता.

"जळू दे," मी म्हणाले. हलले असते तर ती पळाली असती.

नणंदेने हळूच इस्त्री उचलली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वहिनी, एका पँटसाठी कुणी एवढं रडतं का गं?"