खडाच निघू दे

दोघा भावांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोनच. खिडकीकडची दादाची, आतली धाकट्याची. रविवारी शेवटचं गिऱ्हाईक उठलं की धाकटा दादाची दाढी करायचा, कारण दुसऱ्या कुणाचा वस्तरा दादा गळ्याला लावून घ्यायचा नाही. अशाच एका रविवारी हनुवटी वर उचलताना धाकट्याला दादाचे डोळे पिवळसर दिसले. पण ट्यूबलाइटचा उजेड असेल, असं म्हणून त्याने विषय मनातच मिटवला. पुढच्या रविवारीही मिटवला. महिन्याने एक गिऱ्हाईकच म्हणालं, "मास्तर, कावीळ झालीय की काय तुम्हाला?"

मग धावपळ सुरू झाली. साध्या सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली, पण ती कशाने अडलीय ते आतड्यातल्या वायूमुळे कळेना. सीटी स्कॅननेही छडा लागला नाही.

"आता आतून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोंडातून बारीक नळी घालायची, तिच्या टोकाला कॅमेरा आणि सोनोग्राफीचं यंत्र असतं. जठराच्या पुढे गेलं की पित्तनलिका अगदी आतड्याच्या भिंतीला लागून. मुगाच्या दाण्याएवढा खडा असला तरी सापडतो."

"आणि खडा नसला तर?" वहिनींनी विचारलं.

"तर जे असेल ते दिसेल."

तपासणीच्या दिवशी तिघं सकाळपासून बाकावर बसून होते. दादा उपाशी, आणि त्याच्यासाठी ही दोघंही. वहिनी पुटपुटत होत्या, "खडाच निघू दे, खडाच निघू दे."

दादा अंग खाजवत हसला. "भातात खडा लागला की मी घर डोक्यावर घेतो, आणि ही बघ, माझ्या पोटात मागतेय!"

नर्सने हाक मारली. "कवळी असेल तर काढून द्या."

दादाने कवळी कागदी पेल्यात टाकून धाकट्याच्या हातात दिली आणि गालफडं बसलेल्या तोंडाने आत गेला. एवढ्या वर्षांत धाकट्याने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. तो पेला दोन्ही हातांत धरून बसला.

पाऊण तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "खडा नाही. पित्तनलिकेच्या खालच्या टोकाला गाठ आहे, दीडेक सेंटिमीटरची. सुईने नमुना घेतलाय. नक्की काय ते पाच दिवसांनी कळेल."

धाकट्याने हळूच विचारलं, "महिनाभर आधी आलो असतो तर?"

"ते आता सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या.

भूल उतरत होती तेव्हा आत एकालाच सोडलं. वहिनींनी धाकट्यालाच पुढे केलं. दादाने डोळे किलकिले केले, आणि धाकट्याला राहवेना.

"दादा, मला महिनाभर आधीच दिसलं होतं रे. डोळे पिवळे झालेले."

"दिवसभर आरशासमोर मी उभा असतो," दादा बोबडं बोलला. "मला दिसलं नसेल?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होतो."

रिपोर्ट वाईटच आला. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली होती, त्यामुळे कापून काढण्यासारखी नव्हती. पित्ताला वाट मिळावी म्हणून नलिकेत जाळीची नळी बसवली. खाज थांबली, पिवळेपणा ओसरला, ओळखीचे म्हणू लागले, "मास्तर, सुधारलात की!" दादा मान डोलवायचा. तो सात महिने काढून गेला.

तेराव्या दिवशी भांडी आवरताना वहिनी थांबल्या. "भावजी, तुम्ही तर सारखे त्यांच्याजवळ. तुम्हाला आधी काहीच कसं दिसलं नाही हो?"

धाकट्याने हातातलं पातेलं फळीवर पालथं घातलं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "नाही दिसलं."