माफ केलेला मेहर

नादारीचा अर्ज करायचे ठरले त्या दिवशी बाबाजानने दाढी कोरून घेतली, ईदचा सदरा घातला आणि मग वकिलाकडे जायला निघाला. सकीना म्हणाली, "नादार व्हायला चाललात का नवरदेव व्हायला?"

"दोन्हीकडं सहीच करावी लागती," तो म्हणाला.

लढाई चालू होती तोवर बरे होते. भिंगारच्या छावणीला उशांचे अभ्रे आणि खाकी पिशव्या लागत. झेंडीगेटातल्या दोन खणांच्या घराच्या ओट्यावर तीन मशिने टाकून बाबाजान ते शिवून देई. कापड उधारीवर येई, आणि उधारीला रंगनाथशेठची पेढी पैसे पुरवी. निम्म्या कापडबाजाराचे तसेच चालले होते. मग लढाई संपली. बाबाजाननेही गल्लीत पेढे वाटले, तेही उधार आणून. पुढच्याच महिन्यात छावणीने काम बंद केले. वर्ष उलटले आणि पेढीच डगमगली. ठेवीदार दारात येऊन बसले, तसा शेठने सगळ्या कर्जदारांकडे एकदम तगादा लावला. ज्यांच्याकडे होते त्यांनी दिले. ज्यांच्याकडे नव्हते ते एकेक करून नगरच्या कोर्टाची पायरी चढले, की साहेब, देणी फेडायची ऐपत नाही, आम्हांला नादार जाहीर करा.

कोर्टाने बाबाजानवर रिसिव्हर नेमला. म्हणजे बाबाजानचे जे काही असेल ते विकून घेणेकऱ्यांत वाटायला एक सरकारमान्य माणूस. तो आला, अभ्र्यांचे गठ्ठे मोजून गेला, दोन मशिने घेऊन गेला. कारागिराचे हत्यार कायदा सोडतो म्हणून तिसरे ठेवले. राहिले घर. ते सकीनाच्या नावावर होते.

ही अक्कल राधाकृष्ण वकिलांची. छावणीचे काम थांबले तेव्हाच त्यांनी बाबाजानला बसवून सांगितले होते, "नादारीच्या तोंडावर घर बायकोच्या नावानं केलं तर कोर्ट ते मोडतं. पण बायकोचं खरंच देणं असेल आणि ते फेडायला घर दिलं, तर मोडत नाही. तुमच्यात मेहर असतो ना? लग्नात कबूल केलेला? दिला होता का?"

"न्हाई दिला. पाचशे रुपये," बाबाजान म्हणाला.

"मग झालं तर."

आणि पाचशे रुपये मेहरच्या बदल्यात घर, असे खत झाले. वकिलांनी विचारले ते एवढेच. पुढचे विचारायला ते मोमिनांच्या घरात जन्मले नव्हते.

पुढचे असे होते. लग्नाला दीड वर्ष झाले असताना बाबाजान मुदतीच्या तापाने पडला. एकविसाव्या दिवशी डोळे फिरवले. तेव्हा सासू इमामबीने सकीनाला धरून खाटेपाशी आणले आणि म्हणाली, "माफ कर त्याला. मानेवर बायकोचं कर्ज घेऊन जाऊ देऊ नकोस पोराला." सतरा वर्षांची सकीना रडत रडत तीनदा म्हणाली, माफ केला, माफ केला, माफ केला. दुसऱ्या दिवशी बाबाजानने पेज मागितली. इमामबी मरेपर्यंत हसून सांगायची, "पाचशे रुपये सुटल्याबरोबर उठून बसला बघा लबाड."

ही गोष्ट त्या दोघांना पुरती आठवत होती. पण मेहरचा विषय नवरा-बायकोत कोण काढतो? तो निघतो तेव्हा तलाक तरी द्यायचा असतो नाहीतर मरायचे तरी असते. खत झाले तेव्हा ती बोलली नाही, तोही बोलला नाही. सुनावणीच्या सकाळी दोघे माळीवाड्यावरून चालत कोर्टात गेले, वाटेत भज्यांच्या भावावर बोलले, ह्यावर नाही. सकीनाने मनाशी ठरवले होते, माफीचे विचारलेच तर नाही म्हणायचे. त्यानेही काहीतरी ठरवले असेल, आणि ते हेच असेल, असे ती धरून चालली.

रिसिव्हरच्या वकिलाने हट्ट धरला की नवऱ्याची साक्ष होताना बायको आत नको. म्हणून ती बाहेर लिंबाखाली बसली. तासाभराने पुकारा झाला.

"मेहर किती होता?" रिसिव्हरच्या वकिलाने विचारले.

"पाचशे."

"मिळाला?"

"न्हाई. म्हणून तर घर लिहून दिलं."

वकिलाच्या मागे त्याचा कारकून शमशेर उभा होता. झेंडीगेटातलाच. त्याने पुढे वाकून वकिलाच्या कानात काही सांगितले, आणि सकीनाने ओळखले, इमामबीची गोष्ट ह्यानेही ऐकलेली असणार.

"माफ केला होता का कधी?"

तिने बाबाजानकडे पाहिले. तो बाकावर मान खाली घालून बसला होता.

"न्हाई."

"नवरा आजारी असताना?"

"कधीच न्हाई. गरिबाची लेक मी साहेब. पाचशे रुपये कुणी सोडून देतं व्हय?"

बाकांवर थोडे हसू पिकले. तिला वाटले, जमले. वकिलाने समोरचा कागद उचलला आणि अगदी सावकाश वाचला. तासापूर्वी तिच्या नवऱ्याने शपथेवर सांगितले होते की मेहर माफ झाला, खाटेवर, तीनदा, आईच्या देखत.

राधाकृष्ण वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

परतताना ती चार पावले पुढे चालत होती. वेशीपाशी थांबली.

"का सांगितलं?"

"सकाळपासनं वाचत हुते," बाबाजान म्हणाला. "ह्याचे इतके बाकी, त्याचे इतके बाकी. भज्यावाल्याचे सुदीक. मी आपला व्हय म्हणतोय, व्हय म्हणतोय. मग विचारलं, बायकोचं? मला वाटलं, एक तरी फिटलंय असं म्हणावं चारचौघांत."

"फिटलं न्हवतं. मी सोडलं हुतं."

"तेच की."

"तेच न्हाई."

निकाल आठ दिवसांनी लागला. खत रद्द. बाई खोटे बोलली, असेही जज्जसाहेबांनी लिहिले. राधाकृष्ण वकिलांनी अपिलाचे नाव काढले, मग बाबाजानच्या अनवाणी पायांकडे पाहिले आणि स्वतःच विषय बदलला. दवंडी पिटली, घर पाहायला लोक आले. एकाने पत्र्याकडे बोट दाखवून विचारले, "पावसाळ्यात गळतं का?" सकीना म्हणाली, "न्हाई." त्याने सोबतच्या माणसाकडे बघून भुवया उडवल्या आणि हजारातले दीडशे कमी बोलला. पत्रा खरोखर गळत नव्हता.

भिंगारला बाबाजानच्या मावसभावाने गोठ्याशेजारची खोली दिली, पावसाळ्यापुरती. निघायच्या सकाळी भांडी पोत्यात भरली, गोधड्या बांधल्या, मशीन तेवढे राहिले. बाबाजान त्याच्याजवळ उभा राहून चाकाला उगाच हात लावत होता.

"सकीना, एक विचारू?"

"विचारा."

"कोर्टात शपथ घेऊन म्हणालीस, माफ न्हाई केला. घरही गेलं. मग ते पाचशे आता माझ्या मानेवर हायेत का न्हाईत?"

तिने पोत्याचे तोंड सुतळीने आवळले. सतरा वर्षांची असताना तीन वेळा म्हणायला किती वेळ लागला होता? आता तोंडाशी येईना. त्याच्यावर राग होता म्हणून नव्हे. तिच्याकडे देण्यासारखे काही उरले होते तर ते एवढेच, आणि तेही आजच देऊन टाकायचे तिला झेपेना.

"आज न्हाई," ती म्हणाली.

"मग?"

"ठाऊक न्हाई."

कोर्टात पुढची तारीख पडली की माणसे मान हलवतात, तशी त्याने मान हलवली. मग वाकून मशीनची एक बाजू धरली. ते एकट्याने उचलण्यासारखे नव्हते.