थोरल्याने न केलेली सही

पुतणीच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, हे आठवलं आणि मुद्रितशोधकांची पेन्सिल ओळीवरच थांबली. समोर थोरल्या भावाच्या स्मरणपुस्तिकेची प्रुफं होती. बायको मूळ मजकूर मोठ्याने वाचत होती. ते प्रुफावरून बोट फिरवत होते.

"'त्यांच्या बलिदानाने आपला धर्म सत्य असल्याचे सिद्ध झाले.' अहो, डुलकी लागली का? पुढे जाऊ?"

"थांब जरा."

दोन वर्षांपूर्वी पुतणीने हेच विचारलं होतं. 'काका, माझी श्रद्धा उरली नाही. पण बाबा त्यासाठी मेले, म्हणजे ते खरंच असणार ना? मी सोडलं तर त्यांचं मरण फुकट जाईल? तुम्ही एवढं वाचलंय, तुम्हीच सांगा.' तेव्हा त्यांनी सात पुस्तकं काढली, टाचणं केली, आणि एक ओळही लिहिली नाही.

"प्रुफ बरोबर आहे," बायको म्हणाली.

"वाक्य बरोबर नाही. पण लेखकाचं वाक्य आपण बदलायचं नसतं. फार तर समासात प्रश्नचिन्ह."

ते त्यांनी काढलं. मग कोरा कागद पुढे ओढला.

"आता पत्र? पोरगी विसरलीही असेल तुम्हाला."

"विसरली असेल तर सुटलो."

पण ते लिहीत राहिले. 'त्या कोठडीत दादाबरोबर मीही होतो. धर्म सोडल्याचा कागद दोघांपुढे ठेवला. मी सही केली आणि संध्याकाळी घरी आलो.'

खांद्यावरून वाचणाऱ्या बायकोने हातातली पानं खाली ठेवली.

"इतकी वर्षं लपवलंत. आता तिच्यापुढे तोंड कसं दाखवणार?"

"तिने बघितलं तर दाखवीन."

'माझ्या भित्रेपणाने आपला धर्म खोटा ठरला नाही. मग दादाच्या मरणाने खरा कसा ठरेल? शेजारच्या कोठडीतला माणूस दुसऱ्या धर्मासाठी गेला, तोही तितकाच ताठ मानेने. मी निघण्याआधी माझ्यासमोरच दादाला शेवटचं विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "जे मला पटत नाही, ते मी लिहून देणार नाही." तूही देऊ नकोस. त्याची मुलगी शोभतेस.'

टपाल कचेरीत रांग होती. खिडकीतल्या बाईने पाकीट उलटसुलट केलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय."

त्यांनी नाव लिहिलं. क्षणभर थांबून त्याखाली थोरल्याचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढे 'यांचा धाकटा भाऊ'.

"एवढं लागत नाही हो."

"लागतं," ते म्हणाले. एरवी त्यांचा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नसे. आज रांगेतली दोन-तीन माणसं वळून बघू लागली.

बाईने शिक्का मारला आणि पाकीट थैलीत टाकलं.